पाळणाघरांच्या जागा भाडं पाहून नव्हे, ताईंचा पगार पाहून द्या

प्रति,
मा. महापौर, मा. आयुक्त आणि महिला व बालकल्याण समितीचे सर्व सदस्य,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे

सप्रेम नमस्कार.

महापालिकेच्या ताब्यातली काही सुविधा क्षेत्रं, म्हणजे नव्या बांधकामांच्या वेळी सार्वजनिक सोयींसाठी सोडलेल्या जागा, आणि मुलं कमी झाल्यामुळे रिकाम्या पडलेल्या काही शाळाखोल्या पाळणाघरांसाठी राखून ठेवाव्यात. त्या देताना कोण जास्त भाडं देतो हे न पाहता, तिथे मुलं सांभाळणाऱ्या बाईला कोण किती पगार देणार आहे ते पाहावं. ही मागणी करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी हिशेबनीस आहे. कोथरूड, कर्वेनगर, वारजे या भागातल्या लहान संस्थांचे आणि दुकानांचे जमाखर्च लिहिते. त्यात पाळणाघरंही आहेत. काही एकट्या मालकिणीची, एक मोठ्या साखळीची फ्रँचायझी, म्हणजे साखळीचं नाव घेऊन वेगळ्या मालकिणीनं चालवलेली शाखा, काही ट्रस्टनं चालवलेली. माझी मुलगीही लहानपणी खासगी आणि ट्रस्टच्या अशा दोन्ही पाळणाघरांत राहिली. त्यामुळे ‘खासगी चांगलं की संस्थेचं?’ हा प्रश्न मला ओळखीतल्या प्रत्येक नव्या आईकडून येतो. त्याचं माझं उत्तर वह्यांमधून तयार झालं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. पुण्यातलं सर्वांत जुनं आणि अजूनही सर्वाधिक विश्वासाचं पाळणाघर म्हणजे सोसायटीतल्या काकूंचं. स्वतःच्या फ्लॅटमध्ये आठ-दहा मुलं, एक मदतनीस, दुपारी वरणभात आणि पडदे ओढून झोप. कागदावर हा नफ्याचा धंदा आहे. प्रत्यक्षात तो नफा म्हणजे काकूंच्या दिवसभराच्या मेहनतीचा मोबदला, दुसरं काही नाही. जागेचं भाडं नाही, रॉयल्टी नाही, जाहिरात नाही. तेव्हा नफा शब्द दिसला की वाईट आणि ट्रस्टची पाटी दिसली की चांगलं, असं मी म्हणणार नाही. काकूंच्या पद्धतीची अडचण वेगळी आहे. त्या आजारी पडल्या की पाळणाघर बंद. लेकीच्या बाळंतपणाला गेल्या की दोन-तीन महिने बंद. आणि शहर हिंजवडी-खराडीपर्यंत पसरल्यावर आठ ते आठ मूल सांभाळणं एका घराला झेपत नाही.

म्हणून साखळ्या आल्या, आणि त्या आल्या याबद्दल माझी तक्रार नाही. सकाळी लवकर उघडतात, रात्री उशिरापर्यंत थांबतात, शनिवारी चालू असतात, दिवाळीला दोनच दिवस बंद ठेवतात. वाकडला नवी सोसायटी उभी राहिली की वर्षाच्या आत तळमजल्यावर रंगीत भिंतींचं पाळणाघर दिसतं. एवढ्या वेगानं एकही ट्रस्ट हलू शकत नाही. पालक म्हणून मीही तो लाभ घेतला आहे.

पण आता हिशेबाकडे या. समजा, बाणेरमध्ये तीस मुलांचं पाळणाघर आहे. महिना फी आठ हजार, म्हणजे जमा दोन लाख चाळीस हजार. जागेचं भाडं साठ हजार. सहा ताई, प्रत्येकी बारा हजार, म्हणजे बहात्तर हजार. पर्यवेक्षिका पंचवीस हजार. खाणं-दूध पस्तीस हजार. वीज, सफाई, औषधं, दुरुस्ती पंधरा हजार. उरले तेहतीस हजार. आता फ्रँचायझीची रॉयल्टी, म्हणजे नावापोटी साखळीला द्यायचा जमेतला हिस्सा, पंधरा टक्के धरली, तर छत्तीस हजार. मालकीण तीन हजारांनी तोट्यात आहे. रंगरंगोटी, खेळणी आणि डिपॉझिटसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता अजून धरलेलाच नाही, आणि तिचा स्वतःचा मोबदलाही नाही.

हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, पण खर्चाचा हा साचा माझ्या ओळखीचा आहे. अशा वेळी मालकीण काय करते? भाडं कमी करता येत नाही, कारण करारात दरवर्षीची वाढ ठरलेली असते. रॉयल्टी कमी करता येत नाही. फी वाढवली की मुलं शेजारच्या गल्लीत जातात. मग वहीत हात लावता येईल अशी एकच ओळ उरते, ती ताईंच्या पगाराची. सहाच्या पाच ताई होतात. सोडून गेलेल्या अनुभवी ताईच्या जागी कमी पगारावर नवी मुलगी येते. मालकीण दुष्ट असते असं अजिबात नाही. तिच्या हातात तेवढंच असतं.

या एका ओळीवरच पाळणाघराचं बरंवाईट ठरतं.

अडीच वर्षांचं मूल जेवत नाही म्हणून रडत असेल, तर ते भुकेनं रडतंय, झोपेनं रडतंय की वरचा दात येतोय म्हणून, हे ताईला कळतं, पण पहिल्या आठवड्यात नाही. कोणाला पालथं झोपायची सवय आहे, कोणाला भात मऊ लागतो, कोणाला ताप चढला की झटका येतो म्हणून लगेच फोन करायचा, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. नोंदवहीत त्यातलं दहा टक्केही येत नाही. ती गेली की हे सगळं तिच्याबरोबर जातं आणि मूल पुन्हा नव्या हाताची सवय करायला लागतं. माझी मुलगी खासगी पाळणाघरात असताना वर्षभरात इतक्या ताई बदलल्या की शेवटी ती कोणालाच नावानं हाक मारेनाशी झाली. ट्रस्टच्या पाळणाघरात तिला ज्या ताईंनी घास भरवले, त्या आजही तिथेच आहेत आणि रस्त्यात भेटल्या की तिला ओळखतात. मूल कुठे ठेवावं असं विचारणाऱ्या आईला मी म्हणूनच सांगते, ‘कॅमेरे किती, एसी आहे का, ॲपवर फोटो येतात का, हे नंतर विचारा. आधी विचारा, इथली सर्वांत जुनी ताई किती वर्षं आहे?’ २०१६ साली खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण आपल्याला आठवत असेल. तिथे कॅमेरा होता. मारहाण त्यात टिपली गेली, थांबली नाही.

हा फक्त माझा अनुभव नाही. अमेरिकेत १९८९ मध्ये पाच शहरांतल्या २२७ पाळणाघरांची मोठी पाहणी झाली. वर्षाला सरासरी ४१ टक्के कर्मचारी सोडून जात होते. कामाच्या परिस्थितीतल्या सगळ्या बाबींमध्ये सांभाळण्याच्या दर्जाशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते पगाराचं. ना-नफा केंद्रांत पगार बरे होते आणि माणसं टिकत होती. पुढे १९९५ मध्ये तिथल्याच चार राज्यांचा अभ्यास झाला. त्यातला निष्कर्ष महापालिकेनं लक्षात घ्यावा असा आहे. ज्या राज्यांत परवान्याचे नियम कडक होते तिथे नफ्याच्या आणि ना-नफा केंद्रांत फारसा फरक नव्हता. जिथे नियम सर्वांत ढिले होते त्या नॉर्थ कॅरोलिनात मात्र नफ्याची केंद्रं स्पष्टपणे मागे पडली.

आपल्याकडचे नियम कसे आहेत? पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करावी, असं २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणेनं बंधनकारक केलं. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं २०१८ मध्ये किमान मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पण त्या सूचना आहेत. गल्लीतलं पाळणाघर दुकानासारखी नोंदणी करून सुरू होतं, आणि पुढे किती मुलांमागे किती माणसं आहेत हे विचारायला सहसा कोणी येत नाही. मग ज्याला दर्जा राखायचा आहे त्याला, न राखणाऱ्याच्या फीशी स्पर्धा करावी लागते.

आणि पन्नासचा नियम कोणाला लागू होतो? हिंजवडीतल्या अभियंत्याला होतो. लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात दहा जणी काम करतात, त्यांना नाही. दवाखान्यातल्या मदतनिसांना, पार्लरमधल्या मुलींना, चार घरी पोळ्या करणाऱ्या बाईला नाही. त्यांची मुलं अंगणवाडीत जातात, पण ती काही तासांत सुटते आणि आई संध्याकाळी घरी येते. मधले तास ते मूल शेजारणीकडे किंवा सहा-सात वर्षांच्या बहिणीकडे असतं. या बायकांचा मालक पाळणाघर काढणार नाही. साखळीची फी त्यांच्या पगाराएवढी असते. त्यांच्यासाठी काम आजवर संस्थांनीच केलं आहे. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेसची सुरुवात केली. पुण्यातही तारा मोबाइल क्रेशेस बांधकामांवर पाळणाघरं चालवते. नफ्यावर चालणारी एकही कंपनी या मुलांसाठी येणार नाही, कारण त्यांच्या आया फी देऊ शकत नाहीत. यात कंपनीचा दोष नाही, पण शहरानं हे गृहीत धरूनच विचार केला पाहिजे.

कर्मचाऱ्यांच्या बाजूची एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस कर्मचाऱ्यांपासून लागू होतो, आजारपणासाठीची कर्मचारी राज्य विमा योजना दहापासून. फ्रँचायझीत प्रत्येक शाखेची मालकीण वेगळी, म्हणून आस्थापना वेगळी. शहरभर एकाच रंगाच्या पाट्या असल्या तरी प्रत्येक पाटीमागे सात-आठच बायका असतात, आणि दोन्ही कायदे त्यांना ओलांडून जातात. ट्रस्टची चार केंद्रं असतील तर ती एकाच आस्थापनेच्या शाखा धरल्या जातात, माणसं पंचवीस-तीस होतात आणि पीएफ कापावा लागतो. मी ज्यांचे हिशेब पाहते त्यातल्या एका ट्रस्टच्या पटावर ताईंची स्वतःची मुलंही आहेत, फीच्या रकान्यात शून्य. खासगी केंद्रातली एक ताई मात्र आपलं दोन वर्षांचं मूल जनता वसाहतीत शेजारी ठेवून रोज दुसऱ्यांची मुलं सांभाळायला येत असे. तिनं विचारलं होतं. जागेची किंमत धरता परवडत नाही, असं उत्तर मिळालं, आणि वही पाहिली तर ते उत्तर खोटं नव्हतं.

आता संस्थांबद्दलही तेवढंच स्पष्ट लिहिते. ट्रस्टचं पाळणाघर सहाला बंद होतं आणि हिंजवडीहून येणारी आई साडेसातला पोचते. मे महिन्यात सुट्टी, प्रतीक्षायादी लांब, तक्रार करावी तर विश्वस्त वर्षातून एकदा भेटतात. सेवा या नावाखाली ताईंना पगाराऐवजी मानधन देऊन वर्षानुवर्षं राबवून घेणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. एका ट्रस्टचा हॉल विश्वस्तांच्याच कुटुंबाच्या मालकीचा होता. त्याचं भाडं दरवर्षी वाढायचं, ताईंचं मानधन मात्र जागच्या जागी. कागदावर ना-नफा, पण पैसा भाड्याच्या वाटेनं घरी जात होता. अशा ठिकाणापेक्षा कोथरूडच्या काकू केव्हाही बऱ्या. सरकारनंही इथे चांगला धडा घालून दिलेला नाही. २०१७ नंतरच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत सेविकेला महिना तीन हजार आणि मदतनिसाला दीड हजार रुपये मानधन होतं, आणि खर्चाचा दहा टक्के वाटा संस्थेनं उचलायचा होता. आता तीच योजना केंद्र सरकारच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमाखाली ‘पाळणा’ नावानं चालते.

तरीही संस्थेच्या बाजूनं एक गोष्ट पक्की आहे. तिचे लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे जातात आणि शिल्लक वाटून घेता येत नाही. चोरी झाली तर ती चोरी म्हणून पकडता येते. खासगी केंद्रात तीच रक्कम मालकाचा हक्काचा नफा असते, आणि ती किती आहे हे पालकांना किंवा ताईंना विचारण्याचा अधिकार नसतो. सार्वजनिक जागा, म्हणजे तुमची-आमची जमीन, कोणाला द्यायची हे ठरवताना हा फरक महत्त्वाचा आहे.

मोठ्या कंपनीवर सगळं सोपवल्यावर काय होऊ शकतं, हे ऑस्ट्रेलियानं पाहिलं आहे. एबीसी लर्निंग या शेअर बाजारातल्या कंपनीनं कर्ज काढून केंद्रामागून केंद्र विकत घेतलं. तिची तिथे हजाराहून अधिक पाळणाघरं होती. नोव्हेंबर २००८ मध्ये ती कोसळली आणि हजारो आयांना उद्या मूल कुठे ठेवायचं हा प्रश्न पडला. सरकारला पैसे ओतून केंद्रं चालू ठेवावी लागली. शेवटी सेवाभावी संस्थांनी एकत्र येऊन गुडस्टार्ट ही ना-नफा संस्था उभी केली आणि साडेसहाशेच्या आसपास केंद्रं ताब्यात घेतली. ती आजही चालतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतानं १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर फीचं धोरण आणलं, तेव्हा पाया ना-नफा केंद्रांचाच घातला. त्यांच्या संचालक मंडळात दोन-तृतीयांश पालक असावे लागतात. नंतरच्या गुणवत्तेच्या पाहण्यांत ही केंद्रं नफ्याच्या केंद्रांपेक्षा सरस ठरली.

एवढ्या लांब जायची गरज नाही. अहमदाबादेत ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं १९८६ मध्ये संगिनी ही बालसेवा सहकारी मंडळी काढली. मुलं सांभाळणाऱ्या ताई आणि मुलं ठेवणाऱ्या कष्टकरी आया, दोघीही तिच्या सभासद. आणि पुणे महापालिकेला तर सभासदांच्या मालकीच्या संस्थेबरोबर काम करायचा अनुभव घरचाच आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ ची. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महापालिकेनं २००८ मध्ये करार केला, आणि आज घरोघरचा कचरा त्या बायका उचलतात. त्यांचे पैसे घरांकडून थेट त्यांच्या हाती जातात, मध्ये ठेकेदार नाही. कचऱ्यासाठी जे जमलं ते मुलांसाठीही जमेल, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पुन्हा बाणेरच्या त्या तीस मुलांच्या वहीकडे येते. जागा महापालिकेची आणि भाडं नाममात्र असेल, तर साठ हजार मोकळे होतात. ते सगळे ताईंना दिले तर प्रत्येकीचा पगार दहा हजारांनी वाढतो. सगळे पालकांना दिले तर फी दोन हजारांनी उतरते. निम्मे-निम्मे वाटले तर ताईला पाच हजार जास्त आणि आईला एक हजार कमी. महापालिकेला एकही नवा रुपया न काढता हे साधतं. सुविधा क्षेत्रं दीर्घ मुदतीनं भाड्यानं देण्याच्या प्रस्तावावरून २०२१ मध्ये शहरात केवढा वाद झाला ते आपण जाणता. तेव्हा सगळी चर्चा तिजोरीत किती कोटी येतील याभोवती फिरली. तीच जागा पाळणाघराला दिली तर किती बायका नोकरीत टिकतील, याचाही हिशेब त्या कागदांत असायला हवा.

निविदा काढताना भाडं आधीच ठरवून टाका, महिना एक रुपया. स्पर्धा इतर गोष्टींवर लावा. ताईचा लेखी पगार आणि पीएफ, मग कर्मचारी कितीही कमी असोत. तीन वर्षांखालच्या मुलांमागे किती माणसं. उघडण्याची आणि मिटण्याची वेळ, आणि ती संध्याकाळी सातच्या आत मिटू नये. घरकाम आणि दुकानात काम करणाऱ्या आयांसाठी राखीव जागा, त्यांच्या पगाराच्या प्रमाणात फी. ताईंच्या मुलांना त्याच हॉलमध्ये प्रवेश. समितीत पालक आणि ताई. दर तिमाहीचा जमाखर्च दाराशी लावलेला, मराठीत, कोणालाही वाचता येईल असा. विश्वस्ताच्या किंवा त्याच्या नातलगाच्या मालकीच्या कोणत्याही सेवेला पैसे द्यायला बंदी.

पहिली संधी ट्रस्ट, सहकारी संस्था आणि बचत गटांना द्यावी. एखादी खासगी मालकीण किंवा चार काकू मिळून या सगळ्या अटी मान्य करून, वही उघडी ठेवून येणार असतील, तर त्यांनाही दार उघडं असावं. साखळीला मात्र त्या जागेतून रॉयल्टी बाहेर नेता येऊ नये. आणि महापालिकेच्या जागेत नसलेल्या पाळणाघरांसाठीही निदान एक नोंदवही सुरू करा. क्षेत्रीय कार्यालयात प्रत्येक पाळणाघराची नोंद असावी. मुलं किती, ताई किती आणि त्यातली सर्वांत जुनी ताई केव्हापासून आहे, एवढे तीन रकाने पालकांना पाहता यावेत.

सुरुवात पंधराही क्षेत्रीय कार्यालयांत एकदम करू नका. एक हिंजवडीच्या रस्त्यावर बाणेर-बालेवाडीत, एक जनता वसाहतीजवळ, एक हडपसरला, अशी तीन केंद्रं दोन वर्षं चालवून पाहा. त्यांची जमाखर्चाची पद्धत बसवून द्यायला आणि तिमाही हिशेब तपासायला मी विनामोबदला येईन. माझ्यासारख्या आणखी हिशेबनीस बायका या शहरात आहेत, त्यांनाही घेऊन येईन. हा विषय महिला व बालकल्याण समितीच्या पुढच्या बैठकीच्या कार्यपत्रिकेवर घ्यावा, आणि बैठकीला दोन आया व दोन ताईंना बोलवावं. ताईंना दिवसा सुट्टी मिळत नाही, तेव्हा बैठक शनिवारी संध्याकाळी ठेवावी, ही विनंती.

आपली नम्र,
कर्वेनगरमधील एक हिशेबनीस आणि आई